गाढीचा काठ कोणाचा?

नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ रोजी प्रवासी वाहतूक सुरू झाली आणि पनवेल परिसरातील जमिनीच्या भावांची चर्चा, जी गेली पंधरा वर्षे कधी पुरती थांबलीच नव्हती, ती नव्या जोमाने सुरू झाली. कोणत्या गावात गुंठ्याला काय दर निघाला, कोणता रस्ता किती रुंद होणार, कोणाच्या सातबाऱ्यावर कोणाचे नाव चढले, हे विषय एस. टी. स्थानकावरील चहाच्या टपरीपासून महाविद्यालयांच्या प्राध्यापक-कक्षापर्यंत सर्वत्र चघळले जात आहेत. या साऱ्या चर्चेत गाढी नदीचे नाव मात्र क्वचितच ऐकू येते, आणि आलेच तर पावसाळ्यात, पाणी मोहल्ल्यात शिरले म्हणजे येते.

प्रस्तुत लेखाचा विषय साधा आहे. नेऱ्यापासून पनवेलच्या खाडीपर्यंत गाढीच्या काठाने कोणालाही, पैसे न मोजता आणि कोणाची परवानगी न मागता, चालता येईल अशी सार्वजनिक वाट राखता येईल काय? आणि राखायची असेल तर तिचा भार कोणी सोसावा? वरवर पाहता हा हौसेचा विषय वाटेल. वस्तुतः तो भूमिमूल्याचा, म्हणजे अर्थशास्त्राच्या अगदी जुन्या आणि चिवट प्रश्नाचा विषय आहे. तो आजच उपस्थित करण्याचे कारणही भूमिमूल्यातच आहे.

गाढी ही काही मोठी नदी नव्हे. माथेरानच्या डोंगररांगेत ती उगम पावते. देहरंगजवळ गाढेश्वर येथे तिच्यावर धरण आहे आणि त्याचे पाणी पनवेलकर पिढ्यान्‌पिढ्या पीत आले आहेत. पुढे नेरे, चिपळे, विचुंबे, उसर्ली अशा गावांच्या शिवारांतून वाहत ती पनवेलच्या खाडीला मिळते. या खाडीनेच पनवेलला पेठ मिळवून दिली. १८३० साली बोरघाटाचा रस्ता गाडीवाहतुकीस खुला झाला, तेव्हा मुंबईहून पनवेलपर्यंत होडीने आणि तेथून पुढे खुष्कीने पुणे गाठण्याचा प्रघात पडला. १८५२ साली येथे नगरपालिका आली ती या भरभराटीच्या काळात. १८६३ मध्ये आगगाडी कर्जतमार्गे बोरघाट चढली आणि बंदराचे दिवस हळूहळू मावळले. तेव्हापासून या गावाने पाण्याकडे जी पाठ फिरविली ती आजतागायत. घरांची तोंडे रस्त्याकडे आणि मोऱ्या नदीकडे, असा आमचा नगररचनेचा अलिखित नियम झाला.

१ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका स्थापन झाली. जुनी नगरपरिषद, सिडकोच्या वसाहती आणि २९ गावे तिच्या हद्दीत आली. २०११ च्या जनगणनेनुसार या क्षेत्राची लोकसंख्या सुमारे पाच लाख होती. त्यानंतरच्या काळात उभ्या राहिलेल्या इमारती पाहता ती कितीतरी वाढली असणार. यांतील बहुसंख्य कुटुंबे कारकून, शिक्षक, दुकानातील नोकर, कारखान्यातील कामगार यांची आहेत. दोन खोल्यांची सदनिका, हप्ता वीस वर्षांचा, लोकलच्या प्रवासात सकाळ-संध्याकाळ मिळून तीन तास. अशा कुटुंबातल्या वृद्धाने, गृहिणीने किंवा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने मोकळ्या हवेत एक तास काढायचा तर कोठे? वडाळे तलावाभोवती सायंकाळी जी गर्दी उसळते तीच या प्रश्नाची तीव्रता सांगते. उलट बाजूने पाहा. पावसाळा आला की गाढेश्वर आणि खारघरचा पांडवकडा येथे पर्यटकांवर मनाई हुकूम निघतो, कारण दरवर्षी कोणी ना कोणी तरुण तेथे बुडतो. हुकूम योग्यच आहे. परंतु पाण्याजवळ जाण्याची माणसाची ओढ हुकुमाने नाहीशी होत नाही, हेही त्याच वेळी लक्षात घ्यावयास हवे.

‘सार्वजनिक वस्तू’ हा पाठ वर्गात शिकविताना दीपस्तंभाचे उदाहरण देण्याची परंपरा आहे. एकाने त्याचा प्रकाश घेतल्याने दुसऱ्याला तो कमी पडत नाही आणि पैसे न देणाऱ्या नावाड्याला त्यापासून वंचितही ठेवता येत नाही. आमच्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी दीपस्तंभ जवळून पाहिलेला नसतो. अलिबागेजवळच्या खांदेरीचे नाव सांगून भागवावे लागते. नदीकाठची वाट हे त्याहून चांगले उदाहरण ठरेल, कारण तिच्यात एक खोच आहे. तिला फाटक बसविले आणि तिकीटघर उघडले की ती सार्वजनिक वस्तू उरत नाही, सभासदांचा क्लब बनते. वाट सार्वजनिक असणे हा तिचा निसर्गधर्म नव्हे. तो निर्णय असतो आणि तो दरवर्षी नव्याने टिकवावा लागतो.

गोम येथेच आहे. ‘नदीकाठ सुधारणा’ हा शब्द आज प्रत्येक शहराच्या तोंडी आहे आणि त्याचा नमुना म्हणून अहमदाबादच्या साबरमतीकडे बोट दाखविले जाते. तेथे १९९७ साली त्यासाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले. शहरातून जाणाऱ्या सुमारे साडेअकरा किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात दोन्ही काठांना भिंती बांधून पात्राची रुंदी सर्वत्र २६३ मीटर अशी एकसारखी करण्यात आली. त्यातून दोनशे हेक्टरांहून अधिक जमीन नव्याने ‘निर्माण’ झाली आणि तिचा काही भाग विकून खर्च भरून काढावा असा हिशेब मांडण्यात आला. पात्रात बारमाही दिसणारे पाणी नर्मदेच्या कालव्याचे आहे. काठावरील सुमारे दहा हजार कुटुंबांना घरे सोडावी लागली. त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. खालच्या पदपथावर आज लोक मोकळेपणाने फिरतात, हे मान्य केले पाहिजे. पण २०२२ मध्ये बांधलेल्या पादचारी पुलावर पाय ठेवायचा तर तिकीट लागते.

पुण्याने तोच कित्ता उचलला. मुळा, मुठा आणि मुळा-मुठा यांच्या मिळून सुमारे ४४ किलोमीटर लांबीच्या प्रकल्पाचा अंदाजित खर्च सुमारे ४,७०० कोटी रुपये सांगण्यात आला. भागाकार केला तर दर किलोमीटरला शंभर कोटींहून अधिक पडतात. एप्रिल २०२३ मध्ये शेकडो पुणेकर काठावरची झाडे वाचविण्यासाठी रस्त्यावर उतरले. ही भावुकता होती असे कोणी म्हणेल. पण जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत जे घडले त्यात भावुकतेचा अंश नव्हता. त्याच शहरात विठ्ठलवाडीजवळ मुठेच्या पात्रालगत महापालिकेने रस्त्यासाठी टाकलेला भराव काढण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाला २०१३ मध्ये द्यावा लागला होता, याचेही वाचकांना स्मरण असेल.

आक्षेप सौंदर्यीकरणाला नाही. आक्षेप हिशेबाच्या पद्धतीला आहे. प्रकल्पाचा खर्च पात्रातून काढलेल्या जमिनीच्या विक्रीतून भागवायचा असे एकदा ठरले की पात्र अरुंद करण्यात प्रकल्पाचेच हित निर्माण होते. मग नदीला किती जागा हवी हे पाऊस ठरवीत नाही, ताळेबंद ठरवितो. साबरमतीच्या वरच्या अंगाला मोठे धरण आहे आणि तिच्या खोऱ्यात पाऊस बेताचा पडतो. आमच्या गाढीच्या माथ्यावर माथेरान आहे, जेथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही चार महिन्यांत. डोंगरावर कोसळलेले पाणी काही तासांत खाडीशी येते. त्याच वेळी खाडीला उधाणाची भरती असली की ते पुढे सरकत नाही आणि जुन्या पनवेलच्या सखल वस्त्यांत पसरते. रायगड जिल्ह्याला हा धडा नवा नाही. २४ जुलै १९८९ रोजी अंबा नदीने जांभूळपाड्यात जो हाहाकार केला तो पाहिलेली माणसे आजही हयात आहेत. कोकणातल्या नदीला दोन भिंतींत कोंडून तिच्या कडेला उपाहारगृहे थाटण्याची कल्पना ज्याला सुचते त्याने येथला एक जुलै महिना तरी काढावा.

मराठी मुलखाला नदीकाठी सार्वजनिक जागा बांधण्याची विद्या ठाऊक नव्हती असे नाही. घाट म्हणजे दुसरे काय? पायऱ्या अशा बांधायच्या की पाणी जसजसे चढेल तसतशी एकेक पायरी त्याने घ्यावी आणि उतरेल तसतशी परत द्यावी. वाईच्या ढोल्या गणपतीचे मंदिर १७६२ साली रास्त्यांनी बांधले तेव्हा त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची ठेवली, जेणेकरून कृष्णेच्या पुराचा लोंढा दुभंगून दोहो बाजूंनी निघून जावा. नाशिकचे लोक गोदावरीचा पूर दुतोंड्या मारुतीच्या कोणत्या अवयवापर्यंत पाणी आले यावरून मोजतात. पुराला विरोध न करता त्याला जागा देणारी ही बांधकामे होती. त्याच नाशिकमध्ये रामकुंडाच्या परिसरात अलीकडच्या काळात तळाला काँक्रीट घातले गेले आणि आता ते उखडून जुनी कुंडे मोकळी करावीत यासाठी नागरिकांना न्यायालयात जावे लागले.

गाढीची वाटही या न्यायाने बुडणारीच असावी. मुरमाची, दगडी गोट्यांनी बांधलेली, बाजूला करंज, उंबर, जांभूळ अशी काठावरची झाडे, मधूनमधून बसायला दगडी कट्टे. पावसाळ्यातील काही दिवस ती पाण्याखाली जाईल, गाळ येईल, दसऱ्याच्या सुमारास तो काढावा लागेल. जी वस्तू बुडाल्याने फारसे बिघडत नाही ती उंच बांधण्याचा खर्च वाचतो, हे अर्थशास्त्राच्या पदवीशिवायही कळण्यासारखे आहे.

*वाळूची नव्हे, राडारोड्याची गुंतवणूक*

आता जमिनीकडे वळू. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे नद्या, नाले आणि त्यांची पात्रे, जेथे दुसऱ्या कोणाचा हक्क शाबीत झालेला नाही तेथे, शासनाच्या मालकीची आहेत. म्हणजे पाणी ज्यावरून वाहते ती जमीन तुमची-आमची आहे. मात्र त्या पाण्यापर्यंत पोहोचण्याची वाट खासगी शेतांतून जाते. पूर्वी यात अडचण नव्हती. गुरे पाण्यावर न्यायची, कपडे धुवायला जायचे, गणपती विसर्जनाला न्यायचे. पाणंद, शिवरस्ता, बांधावरची वाट अशी वहिवाट असे आणि ती गावाला मान्य असे. शेत जाऊन गृहसंकुल आले, कुंपणाची भिंत उभी राहिली, दाराशी पहारेकरी बसला, आणि शंभर वर्षांची वहिवाट एका हंगामात बंद झाली. कागदावर कोणाचा हक्क हिरावला गेला नाही, कारण कागदावर तो कधी लिहिलाच नव्हता.

काठाच्या जमिनीला आणखी एक बंधन आहे. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जेथपर्यंत पोहोचतो ती निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणारा जेथपर्यंत पोहोचतो ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई आहे. आता जेथे घर बांधता येत नाही त्या जमिनीचा भाव घर बांधता येणाऱ्या जमिनीपेक्षा पुष्कळ कमी असावयास हवा. पण बाजार नियमाची किंमत करीत नाही. नियम किती दिवस टिकेल याविषयीच्या अंदाजाची किंमत करतो. घेणारा मनात म्हणतो, आज रेषा येथे आहे, उद्या थोडी सरकेल. आणि ती आपोआप सरकत नसेल तर सरकविण्याचे साधन रात्री ट्रकमधून येते. राडारोड्याची एक खेप म्हणजे आपल्याला घाण दिसते. ती टाकणाऱ्याच्या दृष्टीने ती गुंतवणूक असते. काठ दोन हात उंच झाला की जमीन ‘सुरक्षित’ ठरते. तेवढेच पाणी मग समोरच्या काठावर, बहुधा गरिबाच्या घरात, जाते. नफा एकाच्या खिशात आणि खर्च दुसऱ्याच्या ओसरीवर, याला अर्थशास्त्रात बाह्य परिणाम असे सौम्य नाव आहे.

या ट्रकवर कोण लक्ष ठेवणार? तलाठ्याकडे अनेक गावे आणि अभियंत्याकडे अनेक कामे. माझ्या मते सर्वांत स्वस्त पहारा म्हणजे वर्दळ. ज्या वाटेवरून पहाटे शंभर माणसे जातात तेथे रात्रीत पडलेला भराव सकाळी सर्वांच्या डोळ्यांत येतो, कोणी छायाचित्र काढतो, कोणी तक्रार करतो. वाट ही नदीची हद्द दाखविणारी जिवंत खूण होते. करमणूक हा तिचा उघड उपयोग. पण हा दुसरा उपयोग मला अधिक मोलाचा वाटतो.

जागा किती लागेल? सहा मीटर रुंदीची पट्टी धरली तर किलोमीटरला सहा हजार चौरस मीटर, म्हणजे साधारण दीड एकर. दहा किलोमीटरला पंधरा एकर. विमानतळाला ११६० हेक्टर जमीन लागली आणि त्यासाठी उलवे नदीचा प्रवाह वळविण्यात आला, डोंगर कापण्यात आला. या पार्श्वभूमीवर पंधरा एकरांची मागणी भीडभाड ठेवूनच केलेली आहे असे म्हणावे लागेल. विमानतळाच्या २०१० च्या पर्यावरणीय मंजुरीत गाढी नदी, लोहमार्ग आणि महामार्ग यांच्यामधील २४५ हेक्टर क्षेत्र ना-विकास ठेवून तेथे हिरवाई राखावी अशी अट होती. तिचे स्मरण ज्यांनी ठेवावयाचे त्यांना करून देणे अप्रस्तुत होणार नाही.

ही पट्टी मिळविण्याचा मार्ग नवा शोधावयास नको. गाढीच्या वरच्या अंगाची गावे २०१३ पासून ‘नैना’ क्षेत्रात आहेत आणि सिडकोने तेथे नगररचना योजनांचा मार्ग पत्करला आहे. सर्व मालकांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, रस्ते, शाळा, बागा यांची जागा काढून घ्यायची आणि उरलेल्याचे अंतिम भूखंड मालकांना परत करायचे. नैनामध्ये मूळ जमिनीच्या ४० टक्के. मुंबई प्रांताने १९१५ साली यासाठी देशातला पहिला कायदा केला. वांद्रे, सांताक्रूझ, विलेपार्ले येथील पत्त्यांत आजही ‘टी. पी. एस.’ ही अक्षरे त्याची साक्ष देतात. या पद्धतीचा गुण असा की नदीला लागून जमीन असलेल्या एकट्या शेतकऱ्यावर भार पडत नाही. त्याची काठाची पट्टी वाटेत गेली तरी त्याला इतरांप्रमाणेच भूखंड मिळतो, कदाचित रस्त्यालगत मिळतो. साठ टक्के जमीन जाण्याला अनेक गावांचा विरोध आहे आणि त्या विरोधात तथ्य नाही असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण ज्या सार्वजनिक जागा अशा रीतीने निघणारच आहेत त्यांपैकी काही तुकड्या-तुकड्यांच्या बागांऐवजी नदीलगत सलग काढाव्यात, एवढ्याने कोणाचे आणखी एक गुंठाही जाणार नाही.

खर्चाचेही तसेच आहे. नदीकाठी वाट आणि झाडी आली की जवळच्या सदनिकांचा भाव चढतो. बांधकाम व्यावसायिकांच्या जाहिरातींत ‘रिव्हर व्ह्यू’ हे शब्द नदीला काडीचाही स्पर्श न करता आधीच आले आहेत. ही वाढ मालकाच्या श्रमाने झालेली नसते. जॉन स्टुअर्ट मिलने हिलाच अनर्जित वाढ म्हटले आणि तिच्यातला वाटा समाजाने घ्यावा असा आग्रह धरला. आमच्या १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यात या वाढीतून जास्तीत जास्त निम्म्यापर्यंत अंशदान घेण्याची तरतूद आहेच. मालमत्ता कर आणि सिडकोचे सेवाशुल्क यांच्या दुहेरी ओझ्याबद्दल वसाहतींतील रहिवासी आधीच संतापलेले आहेत. त्यांच्या माथी तिसरे ओझे टाकण्याचे कारण नाही. ज्यांची जमीन या वाटेमुळे महाग होणार त्यांनीच ती बांधावी.

इंग्लंडात टेम्स नदीच्या काठाने सुमारे २९४ किलोमीटरची पायवाट १९९६ साली राष्ट्रीय वाट म्हणून खुली झाली. तिचा मोठा भाग नव्याने संपादन केलेला नाही. घोड्यांनी नावा ओढत न्यायच्या त्या जुन्या वाटा होत्या. नावा गेल्या, वहिवाट राहिली, कारण ती लिहून ठेवलेली होती. आम्हांला लिहून ठेवण्याचाच कंटाळा.

दोन आक्षेप गंभीर आहेत. पहिला दुर्गंधीचा. ज्या नदीत सांडपाणी सोडले जाते तिच्या काठी फिरायला कोण येईल? शेजारच्या कासाडीची स्थिती सर्वांना ठाऊक आहे. २०१७ साली तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत निळी पडलेली कुत्री देशभर वृत्तपत्रांत झळकली होती. मैलापाणी प्रक्रियेचे काम वाटेने होणार नाही हे उघड आहे आणि वाट झाली म्हणून ते विसरले जाऊ नये. तथापि जी नदी कोणी पाहतच नाही तिच्या शुद्धीसाठी कोणी भांडतही नाही, हा अनुभव आहे. दुसरा आक्षेप वस्त्यांचा. काठावर जी घरे आहेत, कोळ्यांच्या होड्या लागण्याच्या ज्या जागा आहेत, त्या ‘अतिक्रमण’ म्हणून हटविण्यासाठी वाटेचे निमित्त होईल, ही भीती साबरमतीचा इतिहास पाहता निराधार नाही. म्हणून आराखड्यातच लिहिले पाहिजे की वस्ती आली तर वाट वळसा घालील आणि वस्तीतल्या माणसांनाच तिची देखभाल मजुरी देऊन सोपवली जाईल. तीच गोष्ट खारफुटीची. २०१८ च्या उच्च न्यायालयाच्या निकालानंतर तिला हात लावता येत नाही आणि लावूही नये. खाडीच्या तोंडाशी वाट थोडी आधी संपली तर बिघडत नाही. तेथून पुढे बगळ्यांचे राज्य.

नगररचना योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकतींसाठी तीस दिवस मिळतात. त्या तीस दिवसांत बहुतेक अर्ज स्वतःच्या भूखंडाविषयी येतात, आणि ते स्वाभाविकच आहे. नदीच्या बाजूने अर्ज करणारा कोणी नसतो, कारण नदीकाठाला सातबारा नसतो. आमच्या महाविद्यालयांतून भूगोल आणि अर्थशास्त्र शिकणारी शेकडो मुले आहेत. त्यांनी मे महिन्यात, पात्र उघडे असताना, गावनकाशा हाती घेऊन नेऱ्यापासून खाली चालत यावे. कोठे जुनी पाणंद आहे, कोठे भिंत आली, कोठे भराव पडला याची गट क्रमांकानिशी नोंद करावी. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल अल्प शुल्कात मिळते. पहिला टप्पा चिपळे ते विचुंबे एवढाच धरला तरी चालेल.